शब्दांना ७ टक्केच किंमत? टेलिसेल्समधला जुना गैरसमज

टेलिसेल्समधल्या, म्हणजे फोनवरून विक्री करणाऱ्या नवख्यांना हमखास ऐकवतात: संवादात शब्द ७ टक्के, आवाज ३८, देहबोली ५५; तेव्हा स्क्रिप्ट सोडा, आवाज कमवा. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतले. तिथे विक्री नव्हतीच. सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून बोलणाऱ्याची भावना ओळखायला सांगितली होती. भावनांपलीकडे हे सूत्र लागू नाही, असं खुद्द त्यांनीच सांगितलंय. (आणि फोनवर देहबोली दिसते कुठे?)

कॉल फसतो तो बहुधा शब्दांवर. ‘दोन मिनिटं आहेत का?’ विचारलं की ‘नाही’ तयारच. नाव, कंपनी, कारण दोन वाक्यांत सांगा. मग ‘सध्या हे काम कसं करता?’ विचारून गप्प बसा. नवख्यांना नेमकी ही शांतता सोसत नाही, आणि कुणी न मागताच ते सवलत देऊन बसतात.