युवा उपक्रमांची सोबत (पुणे)

वस्तीतल्या तरुणांनी चालवलेल्या अभ्यासिका, खेळगट, मंडळे यांना बाहेरच्या जाणत्या माणसाने किंवा संस्थेने दिलेली नियमित साथ. कार्यकर्ते याला सरळ ‘हँडहोल्डिंग’ म्हणतात. देणगी देणे यात मोडत नाही.

पुण्याला ही पद्धत नवी नाही. एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९४१ मध्ये उभे राहिलेले राष्ट्र सेवा दल आणि आप्पा पेंडसे यांची ज्ञान प्रबोधिनी (१९६२) यांच्याकडे थोरल्या ताई-दादांनी धाकट्यांना तयार करण्याची रीत आधीपासून आहे. तिला कोणी ‘कोचिंग’ म्हणत नव्हते, एवढेच.

माणसे घडवणे हा कामाचा एक भाग. खरी अडचण मात्र बहुधा कागदांत असते. वर्गणी गोळा करायला, रात्रभर मांडव घालायला पोरे हजर. पावत्या मात्र प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेल्या. मंडळाची कार्यकारिणी बदलली की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे ‘चेंज रिपोर्ट’, द्यावा लागतो. तो राहून जातो. मग काम विशीतली मुले करतात आणि नोंदवहीत विश्वस्त म्हणून त्यांच्या आजोबांच्या वयाची नावे, त्यातली काही हयातही नसलेली. बँक सह्या बदलून देत नाही, अर्ज अडतो. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. परंतु तो निधी थेट घेण्यासाठी संस्थेला आयकर खात्याची नोंदणी आणि, १ एप्रिल २०२१ पासून, कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठीच्या नोंदणीचा, म्हणजे सीएसआर-१चा, क्रमांक लागतो. वस्तीतला गट इथवर एकट्याने क्वचितच पोचतो.

साहाय्यकाने प्रस्ताव स्वतःच लिहून देणे हा सर्वांत मोठा मोह. प्रस्ताव झकास होतो, निधीही येतो, आणि अहवालाच्या वेळी गटातल्या कोणालाच त्यातले शब्द कळत नाहीत. जाणता दादा पेन हातात घेत नाही. समाजमंदिरातल्या सतरंजीवर शेजारी बसून तो एवढेच विचारतो: ‘ही पावती कशाची? तारीख कुठंय?’ चार रविवारांत खजिनदार मुलगी रोजकीर्द स्वतः लिहू लागते.

बैठकांचे वेळापत्रक शहराच्या कलानेच ठरते. पावसाळ्यात नदीपात्रातून सरावाच्या ढोलांचा आवाज येऊ लागला, की पुढची बैठक अनंत चतुर्दशीनंतरची धरायची.