चेहरा १९७३चा, जन्म २००९चा: ब्राझीलच्या कोंबीच्या आयातीची पार्श्वभूमी

फोक्सवॅगनच्या व्हॅनला ब्राझीलमध्ये कोंबी म्हणतात. तिची दुसरी पिढी, म्हणजे पुढे एकच मोठी फुगीर काच असलेली 'बे विंडो', जर्मनीत १९७९ मध्ये बंद झाली. ब्राझीलमध्ये ती पूर्ण रूपात सुरूच झाली १९९७ मध्ये, आणि डिसेंबर २०१३ पर्यंत बनत राहिली. आयातीचे सगळे त्रांगडे या दोन वाक्यांत आहे. गिऱ्हाईक तिचा चेहरा पाहून तिला विंटेज म्हणते. कस्टमचा अधिकारी चेहरा पाहत नाही, तो जन्मतारीख विचारतो.

साओ पावलोजवळच्या साओ बर्नार्दो दो काम्पो इथल्या कारखान्यात सप्टेंबर १९५७ पासून कोंबी बनू लागली. पहिल्या पिढीची, दुभंगलेल्या काचेची गाडी तिथे १९७५ पर्यंत चालली. पुढच्या वर्षी आली ती अर्धवट कलम केलेली गाडी: तोंड दुसऱ्या पिढीचे, पण मधले धड जुनेच, बाजूला कपाटासारखी बाहेर उघडणारी दोन दारे. ही खिचडी वीस वर्षे खपली. १९८०च्या दशकात केवळ अल्कोहोलवर चालणारी कोंबी निघाली, आणि १९८१ ते १९८५ दरम्यान पाण्याने थंड होणारी डिझेल कोंबीही. डिझेलवाली इतकी तापायची की आज तिची आठवण प्रेमाने फार कोणी काढत नाही. १९९७ मध्ये सरकते दार आणि उंच केलेले छप्पर आले. डिसेंबर २००५ मध्ये हवेने थंड होणारे इंजिन उत्सर्जनाच्या नियमांमुळे गेले आणि त्याजागी १.४ लिटरचे, पेट्रोल-इथेनॉल दोन्हीवर चालणारे, पाण्याने थंड होणारे इंजिन बसले. रेडिएटर नाकावर, इंजिन मागे. सरकत्या दाराच्या गाडीला समोर काळी प्लास्टिकची जाळी दिसली की ती २००५ नंतरची समजावी. यात पाणी गाडीच्या पोटाखालच्या लांब नळ्यांतून फिरते. पाणी बदलताना हवा नीट काढली नाही, तर ती नळीत अडकते आणि इंजिन तापते.

मग सुरक्षेचा नियम आला. ब्राझीलच्या वाहतूक परिषदेने २००९ मध्येच जाहीर केले होते की टप्प्याटप्प्याने वाढवत १ जानेवारी २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत पुढच्या दोन एअरबॅग आणि एबीएस हवेच. कोंबीत चालक पुढच्या चाकांच्या वरच बसतो. त्याच्या गुडघ्यांपुढे पत्रा, बंपर आणि मग थेट रस्ता. धडकेत चुरगळून जोर शोषून घेणारा भागच नाही, स्टिअरिंग बसच्या चाकासारखे आडवे, डॅशबोर्ड जेमतेम वीतभर. एअरबॅग बसवायची म्हणजे नुसती पिशवी बसवणे नव्हे, पुढचा सगळा सांगाडा नव्याने आखणे. डिसेंबर २०१३ मध्ये अर्थमंत्री गिदो मांतेगा यांनी नियम लांबवण्याचे सूतोवाच केले, पण तो लांबला नाही. फियाट मिलेही त्याच महिन्यात गेली. निरोपाची 'लास्ट एडिशन' कोंबी आधी ६०० जाहीर झाली, मागणी पाहून १,२०० करण्यात आली. आपल्याकडे मारुती ओम्नी ३५ वर्षांनी, २०१९ मध्ये, नेमक्या अशाच कारणाने बंद झाली. तीही नाक नसलेली गाडी.

म्हणजे बाहेरच्या देशांनी कोंबी अडवली ती काही आकसाने नव्हे. तिच्या मायदेशानेही शेवटी तेच केले.

अमेरिकेची गोष्ट जुनी आहे. १९६६च्या कायद्यातून केंद्रीय सुरक्षा मानके आली आणि १ जानेवारी १९६८ पासूनच्या गाड्यांना लागू झाली. त्याआधीच एक वेगळाच फटका बसला होता. अमेरिकी कोंबड्यांवर युरोपने जकात लावली, त्याचा वचपा म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये हलक्या ट्रकवर २५ टक्के कर बसवला. फोक्सवॅगनच्या मालवाहू व्हॅन आणि पिकअप त्यात सापडल्या. खिडक्या-सीटवाली प्रवासी व्हॅन सुटली. म्हणून अमेरिकेत आणायच्या कोंबीची मागची बाजू मालाची की माणसांची, हा प्रश्न आजही खर्चाचा आहे. मागच्या सीट काढून माल भरून पाठवणे हा घात ठरू शकतो. दर अधूनमधून बदलतात, त्यामुळे जहाज सुटण्यापूर्वी वर्गवारी पक्की करावी.

१९८०च्या दशकात युरोपातल्या गाड्या मागच्या दाराने अमेरिकेत येऊ लागल्या. जामीन भरायचा, स्थानिक गॅरेजात दिवे-बंपर बदलायचे आणि काम झाले म्हणायचे. १९८८च्या कायद्याने ती वाट बुजवली. तेव्हापासून २५ वर्षांहून लहान, मानकांत न बसणारी गाडी फक्त नोंदणीकृत आयातदारच आणू शकतो. त्याला करपात्र किमतीच्या दीडपट बाँड द्यावा लागतो, आणि मुळात ती गाडी मानकांत बसवता येते हे सरकारला पटवावे लागते. त्याच काळातले तिच्यासारखे अमेरिकी मॉडेल असते तर ते सोपे गेले असते. कोंबीला तसे भावंडच नाही, म्हणजे धडक चाचण्यांचे आकडे स्वतः उभे करायचे. एका व्हॅनसाठी तो खर्च कोणी करत नाही. 'शो ऑर डिस्प्ले'ची सवलत साधारण ५०० किंवा कमी संख्येत बनलेल्या गाड्यांसाठी आहे. १,२०० बनलेली लास्ट एडिशन तिथेही अडते.

उरतो २५ वर्षांचा नियम: बनून २५ वर्षे झालेल्या गाडीला सुरक्षा मानकांतून सूट. यात दोन चुका वारंवार होतात. पहिली, तारीख मॉडेल-वर्षाची धरणे. मोजणी बनवल्याच्या महिन्यापासून होते. ब्राझीलच्या कागदावर दोन वर्षे छापलेली असतात, बनवल्याचे आणि मॉडेलचे, उदाहरणार्थ २०००/२००१. सतरा अक्षरी चासिस नंबरातले दहावे अक्षर मात्र मॉडेल-वर्ष सांगते: २००० साठी वाय, २००१ साठी १. नंबर वाचून हिशेब केला तर गाडी विनाकारण काही महिने जास्त थांबते. उलट कागदावरचे नुसते वर्ष धरून घाई केली तर ती बंदरात अडकते. महिना सिद्ध करणारा कारखान्याचा कागद किंवा पुरेशी जुनी नोंदणी हाती हवी. दुसरी चूक, उत्सर्जनाची सवलत २१ वर्षांची आहे म्हणून सुरक्षेचीही तेवढीच समजणे. दोन खाती, दोन फॉर्म: सुरक्षेसाठी एचएस-७, उत्सर्जनासाठी ३५२०-१. कॅलिफोर्निया त्यावर स्वतःच्या चाचण्या लावते. या हिशेबाने डिसेंबर २०१३ची शेवटची कोंबी डिसेंबर २०३८ पर्यंत थांबणार.

थांबायची तयारी नसलेल्यांनी नंबर बदलण्याचा धंदा काढला. मेक्सिकोत फोक्सवॅगनचीच बीटल ही मोटार २००३ पर्यंत बनत होती. तिचे धड काढून जुन्या अमेरिकी बीटलच्या तळपत्र्यावर चढवायचे आणि जुन्याच कागदांवर चालवायची. बीटलचा तळ वेगळा असतो आणि नंबर त्यावरच कोरलेला असतो, म्हणून ही युक्ती सुचली तरी. कोंबीत तळ आणि धड एकजीव, वेल्ड केलेले. तिथे फक्त नंबराचा तुकडा कापून दुसऱ्या गाडीचा जोडता येतो, आणि तो सरळ गुन्हा आहे. पकडणे अवघड नसते. ब्राझीलमध्ये चासिस नंबराची शेवटची आठ अक्षरे काचांवरही कोरतात. १९७३ची कागदपत्रे असलेल्या 'जर्मन' बसला उंच छप्पर असेल आणि काचेवर आठ अक्षरे असतील, तर पुढे बोलायला काही उरत नाही. अशी गाडी घेणाऱ्याचे पैसे जातात आणि गाडीही जाते.

ब्रिटनने वेगळी वाट घेतली. तिथे डॅनबरीसारख्या कंपन्या नव्या कोऱ्या ब्राझिलियन कोंबी आणून त्यांचे कॅम्पर करून विकत. एकेका गाडीची तपासणी करून मान्यता देण्याची सोय तिथे होती, म्हणून ते जमले. पुढचे दिवे डावीकडच्या रहदारीसाठी बदलायचे, मागे धुक्याचा दिवा लावायचा, वेग मैलांत दिसायला हवा, सीट बेल्टच्या खुंट्या टिकायला हव्यात. स्टिअरिंग उजवीकडे नेणे हे खरे काम: स्टिअरिंग बॉक्स, पेडल, डॅशबोर्ड सगळे बदलते. आता दहा वर्षांहून जुन्या गाडीला ती मान्यता लागत नाही, आणि डिसेंबर २०२३ नंतर सगळ्याच कोंबी दहा वर्षांच्या पलीकडे गेल्या. कर आणि रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याची वार्षिक चाचणी एवढे उरले.

पाठवणीचे म्हणाल तर गाडी साधारण साडेचार मीटर लांब, १.७२ मीटर रुंद आणि दोन मीटरहून थोडी उंच. चाळीस फुटी कंटेनरात दोन सहज बसतात. निघण्यापूर्वी ब्राझीलमधली नोंद रद्द झाल्याचा कागद घ्यावा. नंतर तिथून मिळवणे जिकिरीचे. जुनी अल्कोहोलवाली घेतली असेल तर कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे इंधन सोडणारी बारीक तोंडे, बदलल्याशिवाय पेट्रोल भरू नये. इथेनॉलला हवेच्या मानाने इंधन जास्त लागते, एक भाग इंधनाला सुमारे ९ भाग हवा, पेट्रोलला १४.७ भाग. न बदलता चालवली तर काळा धूर, आणि अल्कोहोल इंजिनाच्या वाढीव कॉम्प्रेशनमुळे इंजिनात ठोकाही.

भारतात हा प्रश्न दारातच संपतो. वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी चालत नाही, उजव्या हाताची हवी, उतरवायची फक्त मुंबई बंदरात आणि मग अहिल्यानगरच्या व्हीआरडीई, पुण्याच्या एआरएआय किंवा बुधनीच्या संस्थेकडून तपासून घ्यायची. १९९७ नंतरची कोंबी या नियमाला फार म्हातारी आणि विंटेजच्या सवलतीला फार कोवळी. डाव्या हाताची परदेशी व्हॅन आपल्याकडे दिसली तर ती बहुधा कार्ने या तात्पुरत्या आयातीच्या कागदावर, परत नेण्याच्या अटीवर आलेल्या प्रवाशाची असते. ती ब्राझीलची असेल तर रस्त्याच्या कडेला थांबल्यावर उतरताना जपावे: सरकते दार उजवीकडे आहे, म्हणजे आपल्याकडे थेट रहदारीत उघडते.