पोसायडन

पोसायडन : ग्रीक पुराणकथांतील समुद्रदेव. क्रोनस व रिया यांचा पुत्र. झ्यूस व हेडीस हे त्याचे भाऊ. बापाची सत्ता उलथवल्यावर तिघांनी चिठ्ठ्या टाकून विश्वाची वाटणी केली. झ्यूसला आकाश, हेडीसला पाताळ आणि पोसायडनला समुद्र मिळाला. पृथ्वी सामाईक राहिली. तेव्हा झ्यूसने आपल्यावर हुकूम चालवू नये, असे पोसायडन होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्यात ठणकावतो.

या सामाईक पृथ्वीवरही त्याचा वचक होता. ‘भूमी हादरवणारा’ हे होमरने वारंवार वापरलेले त्याचे विशेषण. घोडाही त्याचाच, समुद्रापासून दूर, डोंगराळ आर्केडियात त्याची पूजा अश्वदेव म्हणून होई. केवळ ‘समुद्रदेव’ ही ओळख त्यामुळे तोकडी वाटते. पायलॉस येथील इ. स. पू. १२०० च्या सुमाराच्या मृत्पट्टिकांत त्याचे नाव येते आणि तिथे त्याचे माहात्म्य झ्यूसपेक्षाही मोठे दिसते.

त्याचा राग लवकर शमत नसे. पॉलिफीमस या एकाक्ष पुत्राला आंधळे केल्याबद्दल त्याने ओडिसियस या ग्रीक वीराला वर्षानुवर्षे घरी पोहोचू दिले नाही. अथेन्सच्या स्वामित्वासाठी त्याने तेथील अक्रोपोलिस या टेकडीवर त्रिशूळ मारून खाऱ्या पाण्याचा झरा काढला. अथीना देवीने ऑलिव्हचे झाड दिले आणि शहर तिचे झाले. खारे पाणी प्यायचे कोणी? चिडलेल्या पोसायडनने मग आसपासचा सखल प्रदेश बुडवला. इ. स. पू. ३७३ मध्ये त्याचे प्रसिद्ध स्थान असलेले हेलिकी शहर एका रात्रीत भूकंपाने कोसळून समुद्रात गेले, तेव्हा त्याच्या भक्तांचा अवमान झाल्याची ही शिक्षा, असेच ग्रीकांनी मानले.

ॲम्फिट्राइटी ही त्याची पत्नी व ट्रायटन हा पुत्र. कॉरिंथजवळ दर दोन वर्षांनी त्याच्या नावाने इस्थमियन क्रीडामहोत्सव भरे. सूनियनच्या कड्यावरील त्याचे संगमरवरी मंदिर इ. स. पू. पाचव्या शतकातले, त्याचे काही खांब अजून उभे आहेत. रोमनांनी त्याला नेपच्यून या आपल्या देवाशी एकरूप मानले.

त्रिशूळामुळे मराठी वाचकाला शिव आठवेल, पण हे बहुधा कोळ्यांचे मासे मारण्याचे हत्यार. आर्टेमिसियनजवळ समुद्रात सापडलेल्या प्रसिद्ध ब्राँझ पुतळा पोसायडनचा की झ्यूसचा, हा वादही त्यावरूनच आहे. उगारलेल्या हातातले शस्त्र हरवले आहे. तिथे त्रिशूळ कल्पावा तर तो चेहऱ्याआड येतो. म्हणून बरेच अभ्यासक हा पुतळा झ्यूसचा मानतात.