वर्णद्वेषाचा छापखाना : विल्मिंग्टन ते स्प्रिंगफील्ड

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केले, हे मराठी वाचकांना ठाऊक असते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या रविवारी, लुईझियाना राज्यातील कोलफॅक्स या गावी न्यायालयाच्या इमारतीचे रक्षण करणाऱ्या कृष्णवर्णीयांची गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने कत्तल केली आणि त्यांतील अनेकांना शरण आल्यानंतर मारले, हे मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. पुढे १९५० च्या सुमारास राज्य सरकारने तेथे फलक उभारला, तेव्हा त्यावर या घटनेला ‘दंगल’ म्हटले होते आणि तिच्यामुळे दक्षिणेतील कुशासन संपले, असेही समाधानाने नोंदवले होते. तो फलक २०२१ मध्ये काढण्यात आला. दंगल आणि हत्याकांड या दोन शब्दांमधील अंतर कोण ठरवतो, हा अमेरिकेतील वर्णद्वेषाच्या इतिहासातील एक मूलभूत प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना वृत्तपत्रांपाशी यावेच लागते.

या इतिहासाकडे डाव्या विचारांनी पाहणारे अभ्यासक एका गोष्टीवर भर देतात. वर्णद्वेष हा अडाणी मनातील जुनाट गाळ आहे आणि शिक्षणाने तो हळूहळू निवळेल, ही समजूत सोयीची असली तरी घटनाक्रमाशी जुळत नाही. काळ्या आणि गोऱ्या गरिबांचे हितसंबंध एकत्र येण्याची शक्यता जेव्हा निर्माण झाली, नेमक्या त्या वेळी हा द्वेष पैसा, लेखणी आणि संघटना वापरून नव्याने तयार करण्यात आला. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण उत्तर कॅरोलिना राज्यातील विल्मिंग्टनचे आहे.

१८९० च्या दशकात कापसाचे भाव कोसळले होते, कर्जाने शेतकरी बुडत होते आणि रेल्वे कंपन्या व सावकार यांच्याविरुद्ध गोऱ्या छोट्या शेतकऱ्यांनी पॉप्युलिस्ट पक्ष उभा केला होता. उत्तर कॅरोलिनात या पक्षाने रिपब्लिकन पक्षाशी, म्हणजे त्या काळी बहुसंख्य कृष्णवर्णीय मतदारांच्या पक्षाशी, हातमिळवणी केली. १८९४ मध्ये या आघाडीने विधिमंडळ जिंकले आणि १८९६ मध्ये राज्यपालपदही मिळवले. तिने व्याजदरावर ६ टक्क्यांची मर्यादा घातली, स्थानिक कारभार पुन्हा निवडणुकीने चालवण्याची तरतूद केली आणि निरक्षरांना मतदान करता यावे म्हणून नियम सोपे केले. विल्मिंग्टन हे तेव्हा राज्यातील सर्वांत मोठे शहर होते, तेथे कृष्णवर्णीय बहुसंख्य होते आणि नगरपालिकेत, पोलिसांत, व्यापारात त्यांची माणसे दिसू लागली होती. व्याजदराचा कायदा ज्यांच्या खिशाला झोंबला, त्यांना व्याजदरावर निवडणूक लढवून जिंकणे शक्य नव्हते, कारण कर्जदार गोराही होता आणि काळाही. त्यांना दुसरा विषय हवा होता.

तो विषय, म्हणजे गोऱ्यांचे वर्चस्व, डेमोक्रॅटिक पक्षाचे राज्य प्रमुख फर्निफोल्ड सिमन्स यांनी निवडला आणि राज्याची राजधानी रॅले येथील ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’ या दैनिकाचे संपादक जोसेफस डॅनियल्स यांनी तो घरोघर पोहोचवला. मोहिमेला लिहिणारे, बोलणारे आणि घोड्यावर स्वार होणारे असे तीन प्रकारचे लोक हवे होते. बोलणाऱ्यांनी सभा घेतल्या, स्वारांनी लाल सदरे घालून वस्त्यांमधून बंदुका मिरवल्या, परंतु वातावरण तापवले ते लिहिणाऱ्यांनी. डॅनियल्स यांच्या दैनिकात पहिल्या पानावर व्यंगचित्रे येऊ लागली. त्यांतील एकात पंख पसरलेला कृष्णवर्णीय पिशाच गोऱ्या स्त्रियांना पकडताना दाखवला होता. हा अंक पक्षाच्या पैशाने फुकट वाटला जाई. आपल्या दैनिकाने या मोहिमेत गोऱ्यांच्या वर्चस्वाचा लढाऊ आवाज म्हणून काम केले, हे डॅनियल्स यांनी पुढे आत्मचरित्रात लपवले नाही. दरम्यान ते राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या मंत्रिमंडळात नौदलमंत्रीही झाले होते.

ठिणगी मिळाली तीही वृत्तपत्रातूनच. जॉर्जियातील रिबेका फेल्टन यांनी १८९७ मध्ये एका भाषणात गोऱ्या स्त्रियांच्या रक्षणासाठी गरज पडल्यास आठवड्याला हजार झुंडबळी घ्यावेत, असे सांगितले होते. ते भाषण वर्षभराने, ऐन निवडणुकीच्या तोंडावर, विल्मिंग्टनमध्ये पुन्हा छापण्यात आले. तेथील कृष्णवर्णीय दैनिक ‘डेली रेकॉर्ड’चे संपादक अलेक्स मॅन्ली यांनी ऑगस्ट १८९८ मध्ये त्याला उत्तर दिले. ज्यांना बलात्कार म्हटले जाते त्यांतील अनेक संबंध परस्परसंमतीचे असतात आणि गोऱ्या पुरुषांनी काळ्या स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांचे काय, असा त्यांचा प्रश्न होता. हे मॅन्ली यांचे एकट्याचे धाडस नव्हते. सहा वर्षांपूर्वी मेम्फिसमध्ये कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी हेच लिहिले होते आणि त्यांच्या वृत्तपत्राचे कार्यालय उद्ध्वस्त झाले होते. मॅन्ली यांचा अग्रलेख गोऱ्यांच्या वृत्तपत्रांनी निवडणुकीपर्यंत पुनःपुन्हा छापला.

८ नोव्हेंबरला धाकदपटशा आणि मतचोरीच्या जोरावर डेमोक्रॅटिक पक्षाने राज्याची निवडणूक जिंकली. तरीही शहराचा कारभार आघाडीकडेच होता, कारण नगरपालिकेची निवडणूक त्या वर्षी नव्हतीच. १० नोव्हेंबरला माजी खासदार अल्फ्रेड मूर वॉडेल यांच्या नेतृत्वाखाली सशस्त्र जमाव निघाला. त्याने ‘डेली रेकॉर्ड’चे कार्यालय जाळले, रस्त्यांवर कृष्णवर्णीयांना गोळ्या घातल्या, महापौर आणि नगरसेवकांना राजीनामे द्यायला लावले आणि संध्याकाळपर्यंत वॉडेल स्वतः महापौर झाले. मृतांचा निश्चित आकडा कधीच ठरला नाही, अंदाज चौदापासून साठच्याही पुढे जातात. दुसऱ्या दिवसापासून वृत्तपत्रांनी या सत्तापालटाला ‘वांशिक दंगल’ म्हटले आणि तेच नाव पाठ्यपुस्तकांत शंभर वर्षे टिकले.

त्यानंतरची कामे कागदावर झाली. १९०० च्या घटनादुरुस्तीने मतदानासाठी साक्षरता चाचणी आणली आणि ज्यांचे आजे-पणजे १८६७ पूर्वी मतदार होते त्यांना तीतून सूट दिली. राज्यातील नोंदणीकृत कृष्णवर्णीय मतदार सुमारे सव्वा लाखांवरून काही वर्षांतच सहा हजारांच्या आसपास आले. १९०१ मध्ये जॉर्ज हेन्री व्हाइट यांनी संसद सोडल्यावर उत्तर कॅरोलिनातून पुढचा कृष्णवर्णीय प्रतिनिधी निवडून यायला १९९२ साल उजाडले. गोऱ्या शेतकऱ्याला या विजयातून काय मिळाले? कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉय यांनी १९३५ मध्ये त्याचे उत्तर दिले : गोऱ्या मजुराला कमी मजुरीच्या जोडीला एक ‘सार्वजनिक आणि मानसिक वेतन’ मिळाले. ते वेतन म्हणजे कातडीच्या रंगामुळे मिळणारा मान, आणि तो देताना मालकाच्या गाठीचा एक डॉलरही खर्च होत नव्हता. याच दु बॉय यांना १९४६ मध्ये डॉ. आंबेडकर यांनी पत्र लिहून अमेरिकी कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या निवेदनाची प्रत मागवली होती.

१९३५ मध्येच अमेरिकेत सामाजिक सुरक्षा कायदा झाला आणि त्यातून शेतमजूर व घरकामगार वगळण्यात आले. देशातील कृष्णवर्णीय कामगारांपैकी बहुसंख्य याच दोन कामांत होते. हा अपवाद दक्षिणेतील खासदारांच्या दबावाने आला की प्रशासकीय अडचणींमुळे, यावर इतिहासकारांत वाद आहे, परिणामाबद्दल मात्र नाही.

१९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा झाल्यावर उघड शिव्या देणे राजकारण्यांना परवडेना. मग भाषा बदलली. रिपब्लिकन रणनीतीकार ली ॲटवॉटर यांनी १९८१ च्या एका मुलाखतीत हा बदल विलक्षण मोकळेपणाने समजावून सांगितला. १९५४ मध्ये थेट शिवी देता येत होती, १९६८ पर्यंत ती अंगाशी येऊ लागली, म्हणून ‘राज्यांचे अधिकार’ आणि ‘सक्तीची शाळाबस’ (काळी-गोरी मुले एकत्र शिकावीत म्हणून त्यांना दूरच्या शाळेत नेणारी) असे शब्द आले, आणि शेवटी केवळ करकपातीबद्दल बोलले तरी पुरे, कारण त्याची झळ काळ्यांना अधिक बसते, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. रोनाल्ड रेगन यांनी ऑगस्ट १९८० मध्ये मिसिसिपीतील नेशोबा जत्रेत ‘राज्यांच्या अधिकारां’चा पुरस्कार केला. जेथे १९६४ मध्ये तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांची हत्या झाली होती, ते फिलाडेल्फिया गाव तेथून काही मैलांवर आहे.

सांकेतिक शब्द एकटा चालत नाही, त्याला चित्र लागते. रेगन १९७६ पासून शिकागोच्या एका बाईची गोष्ट सभांमधून सांगत. तिची ८० नावे, ३० पत्ते आणि करमुक्त दीड लाख डॉलरचे उत्पन्न, असा तो तपशील होता. बाई खरी होती, गुन्हेगारही होती, पण न्यायालयात सिद्ध झालेला अपहार सुमारे ८ हजार डॉलरचा होता. ‘वेल्फेअर क्वीन’ हे तिला मिळालेले नाव शिकागोच्या वृत्तपत्रीय बातम्यांतून पसरले. रेगन यांनी तिचा रंग कधी सांगितला नाही, कारण ते काम आधीच झालेले होते. राज्यशास्त्रज्ञ मार्टिन गिलेन्स यांनी प्रमुख अमेरिकी साप्ताहिकांतील गरिबीविषयक छायाचित्रांची मोजणी केली, तेव्हा त्यांत दिसणाऱ्या गरिबांपैकी निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय निघाले. प्रत्यक्षात देशातील गरिबांत त्यांचे प्रमाण एक तृतीयांशापेक्षाही कमी होते. शहरांतील दंगलींची चौकशी करणाऱ्या कर्नर आयोगाने १९६८ मध्येच बजावले होते की अमेरिकी वृत्तमाध्यमे गोऱ्या माणसाच्या जगातून, त्याच्याच नजरेने लिहितात. तेव्हा संपादकीय कर्मचाऱ्यांत कृष्णवर्णीय ५ टक्क्यांहून कमी आणि वरिष्ठ संपादकांत १ टक्क्याहूनही कमी होते.

१९८८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतील विली हॉर्टनची जाहिरात याच मातीतली. मॅसॅच्युसेट्समध्ये फर्लोवर, म्हणजे आपल्या कारागृहांच्या भाषेत संचित रजेवर, सुटलेल्या या कैद्याने मेरीलँडमध्ये बलात्कार केला होता. ही योजना एका रिपब्लिकन राज्यपालाच्या काळात सुरू झाली होती. डेमोक्रॅट राज्यपाल आणि त्या निवडणुकीतील उमेदवार मायकेल ड्युकाकिस यांनी खुनाच्या कैद्यांना ती बंद करण्याचे विधेयक रोखले, ही चूक त्यांच्या पदरी घालायलाच हवी. तथापि त्या जाहिरातीत चर्चा धोरणाची नव्हती, एका काळ्या चेहऱ्याची होती. कैद्याचे नाव विल्यम होते आणि ‘विली’ हे प्रचारकांनी केलेले बारसे होते. त्या निवडणुकीत रिपब्लिकन प्रचाराची सूत्रे सांभाळणाऱ्या ॲटवॉटर यांनी मृत्यूपूर्वी, १९९१ मध्ये, या प्रचारातील क्रूरतेबद्दल खेद व्यक्त केला.

हे पाप एकाच पक्षाच्या माथी मारणे सोपे असले तरी प्रामाणिक नाही. कृष्णवर्णीय वस्त्यांशी जोडल्या गेलेल्या स्वस्त क्रॅक कोकेनच्या ५ ग्रॅमला आणि कोकेनच्या भुकटीच्या ५०० ग्रॅमला सारखीच शिक्षा देणारा १९८६ चा कायदा दोन्ही पक्षांच्या मतांनी झाला. १९९५ मध्ये एका उजव्या साप्ताहिकाने ‘सुपरप्रिडेटर’ म्हणजे निर्दय तरुण गुन्हेगारांच्या लाटेचे भाकीत केले आणि पुढच्याच वर्षी हिलरी क्लिंटन यांनी तो शब्द भाषणात वापरला. बालगुन्हेगारी तर तोवर उतरू लागली होती. गरीब कुटुंबांना साठ वर्षे मिळत आलेला मदतीचा हक्क १९९६ मध्ये बिल क्लिंटन यांच्याच सहीने संपला. न्यूयॉर्कमध्ये १९८९ साली सेंट्रल पार्कमधील बलात्कार प्रकरणात पाच कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांना वृत्तपत्रांनी खटल्याआधीच ‘लांडग्यांची टोळी’ ठरवले आणि डोनाल्ड ट्रम्प यांनी फाशीची शिक्षा परत आणा, अशा पानभर जाहिराती दिल्या. त्या मुलांची दोषसिद्धी २००२ मध्ये रद्द झाली.

२००६ मध्ये विल्मिंग्टनच्या घटनेवरील राज्य आयोगाच्या अहवालानंतर रॅलेच्या दैनिकाने १८९८ वर विशेष पुरवणी काढून आपल्या पूर्वसुरींच्या वागण्याबद्दल माफी मागितली. २०२० मध्ये लॉस एंजेलिस आणि कॅन्सस सिटीच्या दैनिकांनीही जुन्या वार्तांकनाबद्दल माफी मागितली. अशा माफ्या बहुधा त्या संपादकांच्या नातवांच्या पिढीत येतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील हैतीचे स्थलांतरित लोकांचे पाळीव प्राणी खातात, असे ट्रम्प यांनी दूरचित्रवाणीवरील वादचर्चेत सांगितले. असा एकही विश्वासार्ह अहवाल नाही, असे शहर प्रशासनाने स्पष्ट केले. माध्यमांचे लक्ष वेधण्यासाठी गोष्टी निर्माण कराव्या लागल्या तर आपण त्या करू, असे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हॅन्स एका मुलाखतीत म्हणाले. त्या दिवसांत स्प्रिंगफील्डला बॉम्बच्या तीसहून अधिक धमक्या आल्या, साऱ्या खोट्या निघाल्या, आणि तेथील प्राथमिक शाळांतील मुलांना वर्गातून घरी पाठवावे लागले.