अचानक वजन उतरणं

डाएट नाही, व्यायाम वाढवलेला नाही, खाण्यापिण्यात मुद्दाम काही बदललेलं नाही आणि तरी वजन उतरत चाललंय, याला डॉक्टरी भाषेत अनैच्छिक वजनघट म्हणतात. ढोबळ नियम असा की ६ ते १२ महिन्यांत मूळ वजनाच्या ५% पेक्षा जास्त वजन आपोआप गेलं तर तपासायचं, म्हणजे ७० किलोच्या माणसाचे साडेतीन किलो आणि ५० किलोच्या माणसाचे फक्त अडीच. हा स्वतः आजार नाही, लक्षण आहे, आणि फार अवघड लक्षण आहे कारण याच्यामागे शेकड्याने कारणं असू शकतात. शिवाय यात दुखत काहीच नाही. उलट पहिले दोन महिने लोक "अरे वा, बारीक झालास, काय करतोयस" म्हणून कौतुकच करतात आणि तपासणीचा वेळ त्या कौतुकात जातो.

आधी वजन खरंच उतरलंय का ते बघावं लागतं. वजन उतरल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांचं जुन्या नोंदींशी ताडून पाहिलं तर फारसं काही कमी झालेलं नसतं. शरीरातलं पाणीच दिवसभरात किलो-दीड किलो इकडेतिकडे करतं, त्यामुळे एकच वजनकाटा, सकाळची वेळ, पोट साफ झाल्यावर आणि साधारण तेवढेच कपडे, असं आठवड्यातून एकदा मोजलं तर काहीतरी अर्थ लागतो. जुनी नोंदच नसेल तर मग खुणा बघायच्या. पट्टा शेवटच्या भोकावर गेलाय आणि आता नवीन भोक पाडावं लागतंय, साबण लावताना अंगठी बोटातून निसटते, घड्याळ मनगटावरून वर सरकतं, वर्षभरापूर्वीच्या फोटोत गाल भरलेले आहेत आणि आता गालफडं बसलीत. म्हाताऱ्या माणसाची कवळी हलायला लागणं ही पण एक खूण आहे, हिरड्या बारीक झाल्या की कवळी सैल होते, मग चावता येत नाही, मग खाणं अजून कमी होतं, असं ते चक्र चालू होतं.

चांगला डॉक्टर यानंतर पहिला प्रश्न विचारतो तो भुकेबद्दल, कारण त्या एका उत्तरावर कारणांचे दोन मोठे ढीग वेगळे होतात. गंमत म्हणजे आपल्या बोलण्यात हे फरक आधीपासूनच आहेत. "खातो भरपूर पण अंगी लागत नाही" ही एक तक्रार, "अन्नावरची वासनाच उडाली" ही दुसरी, आणि माणूस "खंगत चाललाय" हे तिसरंच. पेशंटने नुसतं "वीकनेस आलाय" म्हणण्यापेक्षा यातलं नेमकं काय ते सांगितलं तर निम्मं काम होतं असं माझं मत आहे.

खाऊनही वजन उतरतंय तर पहिली शंका डायबेटीसची. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की किडनीला ती सगळी परत ओढून घेता येत नाही आणि ती लघवीतून वाहायला लागते. समजा दिवसाला १०० ग्रॅम साखर अशी गेली, एका ग्रॅमला ४ कॅलरी धरल्या तर ४०० कॅलरी रोज नुसत्या गटारात, आणि एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, म्हणजे काहीही न करता दर १९-२० दिवसांना एक किलो. साखरेबरोबर पाणीही जातं म्हणून तहान, रात्री चारपाच वेळा उठणं. टाईप १ मध्ये तर इन्सुलिनच नसतं, साखर रक्तात भरपूर पण पेशींना मिळत नाही, मग शरीर चरबी आणि स्नायू जाळायला घेतं. इन्सुलिन येण्याआधी अशी मुलं अक्षरशः हाडांचा सापळा व्हायची. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत ज्याला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं तो लिओनार्ड थॉम्पसन १४ वर्षांचा होता आणि वजन जेमतेम ३० किलो. आजही एखाद्या मुलाचं वजन काही आठवड्यांत झपाट्याने उतरतंय, सारखी तहान, अंथरुणात लघवी व्हायला लागली, तर साखर त्याच दिवशी बघायची, उलट्या आणि जोरजोरात श्वास सुरू झाला तर थेट इमर्जन्सी.

दुसरा नंबर थायरॉईडचा. ही गळ्यातली ग्रंथी जास्त काम करायला लागली की शरीराचं इंजिन नुसतं उभ्या गाडीत रेस होत राहतं. भूक वाढते, छातीत धडधडतं, हात थरथरतात, घाम येतो, उकडतं, चिडचिड होते, शौचाला जास्त वेळा जावं लागतं. रॉबर्ट ग्रेव्हज या आयरिश डॉक्टरने १८३५ मध्ये याचं वर्णन केलं म्हणून त्यातल्या सगळ्यात कॉमन प्रकाराला ग्रेव्हज डिसीज म्हणतात, त्यात डोळेही बाहेर आल्यासारखे दिसू शकतात. पण सत्तरीच्या माणसात हे चित्र उलटं असू शकतं, ना धडधड सांगतो ना थरथर, नुसता गप्प बसून असतो, भूकही कमी, वजन उतरतं, नाडी अनियमित आणि घरचे म्हणतात वय झालं. टीएसएच ही थायरॉईडची साधी रक्ततपासणी केली की पकडलं जातं.

"अंगी लागत नाही" याचा शब्दशः अर्थ ज्यात खरा ठरतो तो गट म्हणजे आतड्यात अन्न शोषलंच न जाणं. सेलिॲक डिसीजमध्ये गव्हातल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याच्या आतलं मऊ मखमलीसारखं अस्तर सपाट होतं आणि शोषणाची जागाच उरत नाही. याचा गव्हाशी संबंध विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने दाखवला, १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, ब्रेड मिळेना, आणि बाकी सगळे उपाशी असताना ही मुलं मात्र सुधारायला लागली होती. स्वादुपिंडाला जुनी सूज असेल तर चरबी पचवणारा रस कमी पडतो, शौच फिकट, तेलकट, घाण वास येणारं आणि फ्लश करूनही तरंगत राहणारं होतं. हे कोणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. क्रोन्स डिसीज (आतड्याला येणारी जुनी सूज), जिआर्डियासारखे परजीवी हेही याच गटात. जंतांवर सगळा दोष टाकायची जुनी सवय आहे पण मोठ्या माणसात नुसत्या जंतांनी इतकं वजन उतरणं तसं कमीच.

आता दुसरा ढीग, भूकच गेली. इथे सगळ्यांच्या मनात कॅन्सर येतो आणि ते अगदी चूकही नाही, वेगवेगळ्या पाहण्यांत आकडे बदलतात पण अशा पेशंटांपैकी साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शात शेवटी कॅन्सर निघतो. म्हणजेच बहुतेकांना तो नसतो, हेही तितकंच खरं. अन्ननलिका, जठर, स्वादुपिंड आणि फुप्फुस यांच्या कॅन्सरमध्ये वजन जास्त उतरतं. पन्नाशीनंतर नव्यानेच डायबेटीस निघाला आणि वजन वाढायच्या ऐवजी उतरतंय तर स्वादुपिंडाकडे बघावं, ही गोष्ट हमखास सुटते कारण साखर सापडली की सगळ्यांना वाटतं कारण सापडलं. लिम्फोमात, म्हणजे लिम्फ ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम आणि ६ महिन्यांत १०% पेक्षा जास्त वजनघट ही तीन लक्षणं डॉक्टर मुद्दाम नोंदवतात.

कॅन्सरमध्ये वजन उतरतं ते गाठ अन्न खाऊन टाकते म्हणून, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. शरीराच्या संरक्षण यंत्रणेतून आणि गाठीतून अशी रसायनं सुटतात की ती मेंदूतली भूक दाबतात आणि स्नायू वितळवायला लागतात. यातल्या एका रसायनाचं नावच आधी कॅकेक्टिन ठेवलं होतं, कॅकेक्सिया म्हणजे खंगणं त्यावरून, १९८५ मध्ये कळलं की ते आणि टीएनएफ हे संरक्षण यंत्रणेचं आधीच माहीत असलेलं रसायन एकच. म्हणून इथे "जरा जबरदस्तीने खा" याने काम भागत नाही. उपाशी माणूस मुख्यतः चरबी घालवतो आणि जेवायला मिळालं की सावरतो, खंगलेला माणूस स्नायूही भराभर घालवतो आणि ताट पुढे असलं तरी नीट सावरत नाही. दंड आणि मांड्या सुकतात, खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतो. घरच्यांनी यावरून पेशंटशी भांडू नये, तो हट्ट करत नसतो.

क्षय. नावातच झिजणं आहे. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी टीबीचा जंतू जाहीर केला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांनी या आजाराला नाव दिलं ते खोकल्यावरून नाही तर झिजण्यावरून. दोन आठवड्यांपेक्षा लांबलेला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम आणि उतरणारं वजन हे चित्र ओळखीचं आहे, मात्र टीबी आतड्यात, गाठींत किंवा मणक्यात असेल तर खोकला अजिबात नसूही शकतो. एचआयव्हीचंही असंच, १९८५ च्या सुमाराला युगांडात या आजाराला लोक स्लिम म्हणायचे, तेवढं वजन जायचं. टेस्ट करायला पेशंट आणि कधी कधी डॉक्टरही लाजतात आणि त्यात महिने जातात.

ॲडिसन्स डिसीज दुर्मीळ आहे पण सांगावासा वाटतो. थॉमस ॲडिसनने १८५५ मध्ये वर्णन केलेला. किडनीच्या वरच्या ॲड्रिनल ग्रंथी बंद पडत जातात, भूक जाते, उभं राहिलं की चक्कर, मीठ खावंसं वाटतं, आणि उन्हात न जाताही तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळपट होतात. तळहात बघायला दोन सेकंद लागतात.

हार्ट फेल्युअर, सीओपीडी (फुप्फुसांचा जुना, दम लागणारा आजार) आणि किडनीचे जुने आजार यातही माणूस खंगतो. सीओपीडीत नुसता श्वास घेण्यातच एवढी शक्ती जाते की जेवताना धाप लागते आणि पेशंट अर्ध्यात हात धुतो. हार्टच्या पेशंटमध्ये घोटाळा असा की पायावर सूज असते, पाण्याचं वजन काट्यावर दिसतं आणि आतले स्नायू गेलेले झाकले जातात, डॉक्टरने सूज उतरवायची गोळी दिली की मग एकदम खरं काय ते दिसतं.

भूक आहे पण खायची भीती वाटते असा एक मधलाच प्रकार आहे. जठराच्या अल्सरमध्ये होतं, आणि आतड्याला रक्त पोचवणाऱ्या धमन्या अरुंद झाल्यावर तर फार होतं, जेवल्यानंतर अर्ध्या-एक तासात पोटात असं पिळवटून येतं की माणूस हळूहळू घास मोजून खायला लागतो. बहुतेक वेळा हे वयस्क, जुने स्मोकर असतात. "भूक कशी आहे" विचारलं तर चांगली आहे म्हणतात, "मग जेवत का नाही" हा पुढचा प्रश्न विचारला तरच कळतं.

डिप्रेशन हे मोठं कारण आहे, वयस्क लोकांत तर फारच, आणि तिथे ते रडण्यातून कमी आणि न जेवण्यातून जास्त दिसतं. डिमेन्शियात माणूस जेवायचं विसरतो, किंवा घास तोंडात धरून बसतो. पार्किन्सन्स, पॅरालिसिस यात गिळायला त्रास होतो. दुखरे दात, गेलेला वास, एकट्याने जेवायचा कंटाळा, या गोष्टी रिपोर्टमध्ये कुठेच येत नाहीत. ॲनोरेक्सिया नर्व्होसा (जाड होण्याच्या भीतीने खाणं तोडण्याचा मानसिक आजार) खरं तर या नोंदीत बसत नाही कारण तिथे वजन मुद्दाम उतरवलेलं असतं, पण ते लपवलेलंही असतं, म्हणून तरुण मुलामुलींत डोक्यात ठेवावं लागतं.

औषधांची यादी न बघता तपासण्या लिहून देणं हा माझ्या मते सगळ्यात महागडा आळस आहे. मेटफॉर्मिन, टोपिरामेट, डिगॉक्सिन, फ्लुओक्सेटिन, एडीएचडीच्या गोळ्या, साखर लघवीतून बाहेर काढणाऱ्या नव्या डायबेटीसच्या गोळ्या, भूक कमी करणारी जीएलपी-१ ची इंजेक्शनं, थायरॉक्सिनचा जास्त झालेला डोस, यातलं काहीही कारण असू शकतं. "हर्बल" म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पावडरींत थायरॉईड हार्मोन किंवा २०१० मध्ये बऱ्याच देशांतून काढून घेतलेलं सिब्युट्रामिन हे वजन उतरवायचं औषध मिसळलेलं सापडलंय, त्यामुळे "औषध चालू नाही, फक्त आयुर्वेदिक काहीतरी घेतो" हे उत्तर आलं की डबी मागून बघावी.

तपासण्या सुरुवातीला साध्याच असतात. हिमोग्राम, ईएसआर किंवा सीआरपी (शरीरात कुठे सूज किंवा दाह आहे का ते), साखर आणि एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच, लिव्हर, किडनी, कॅल्शियम, लघवी, शौचातलं लपलेलं रक्त, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी. यात काही खूण मिळाली तर त्या दिशेने एंडोस्कोपी किंवा सीटी. ट्यूमर मार्करचं, म्हणजे कॅन्सरशी संबंध जोडल्या जाणाऱ्या रक्ततपासण्यांचं, पॅकेज घाबरून आपणहून करून येऊ नये, त्यात निघालेल्या अर्धवट आकड्यांनी कारण सापडत नाही आणि झोप मात्र उडते.

आणि सगळं करूनही साधारण चौथ्या हिश्शात काहीच सापडत नाही. पेशंटला हे पटत नाही, पण सुरुवातीच्या तपासण्या आणि अंगतपासणी दोन्ही खरंच नॉर्मल असतील तर मोठा आजार लपलेला असण्याची शक्यता बरीच कमी होते. मग वजनाची वही ठेवून ३ ते ६ महिन्यांनी परत बघतात, तोवर वजन थांबलेलं किंवा थोडं वाढलेलंही असतं, नसेल तर नव्याने शोध.

उपचार अर्थातच कारणावर. फक्त फार दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपेट खायला घालू नये, दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांमध्ये हे दिसलं होतं, अन्न मिळाल्यावर काही जण दगावले. अन्न आलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपकन पेशींत शिरतं आणि हृदय अडखळतं. म्हणून अशा पेशंटला हॉस्पिटलमध्ये आधी बी-१ व्हिटॅमिन देतात, थोड्या कॅलरींनी सुरुवात करतात आणि पहिले काही दिवस रोज रक्त तपासत हळूहळू वाढवतात.