बालकांची आपत्कालीन शुश्रूषा

अचानक आजारी पडलेल्या किंवा जखमी झालेल्या बालकाची तातडीच्या विभागात परिचारिकेने करायची पहिली पाहणी, तीवरून ठरणारा अग्रक्रम, लगेच द्यायचे उपचार आणि पुढची देखरेख, या सर्वांना मिळून बालकांची आपत्कालीन शुश्रूषा म्हणतात. मोठ्या माणसाचे हृदय पुष्कळदा हृदयविकारानेच बंद पडते. मुलाचे हृदय बहुतेक वेळा श्वास अपुरा पडल्यामुळे किंवा रक्ताभिसरण ढासळल्यामुळे, सगळ्यांत शेवटी थांबते. म्हणजे त्याआधी काही मिनिटे, कधी काही तासही, हाताशी असतात. तेवढ्या अवधीत खुणा ओळखणे हेच या शुश्रूषेचे मुख्य काम.

त्या ओळखणे सोपे नाही, कारण मुलाचे शरीर तूट बराच वेळ झाकून ठेवते. तान्ह्या बाळात दर किलो वजनामागे सुमारे ८० मिलिलिटर रक्त असते. पाच किलोच्या बाळात सगळे मिळून ४००. त्यातले १०० गेले तर पाव हिस्सा गेला. तरी रक्तवाहिन्या जोराने आकसतात, ठोके वाढतात आणि यंत्रावर रक्तदाब ठीकच दिसतो. ही ताकद संपली की घसरण एकदम होते. त्यामुळे कमी रक्तदाब ही मुलांमध्ये उशिराची खूण समजतात. एक ते दहा वर्षांपर्यंत वरच्या रक्तदाबाची किमान मर्यादा काढण्याचा आडाखा असा: वयाची दुप्पट अधिक ७०. चार वर्षांच्या मुलाला ती ७८ येते. पण आकडा तिथवर उतरेपर्यंत वाट पाहणारा बराच मागे पडलेला असतो.

पहिली पाहणी हात न लावता, दारातूनच होते. अमेरिकन बालरोग अकादमीने २००० च्या सुमारास प्रशिक्षणात आणलेला ‘बालक मूल्यांकन त्रिकोण’ यासाठी जगभर वापरतात. मुलाचे एकंदर रूप, श्वासासाठी पडणारे कष्ट आणि त्वचेचा रंग या त्याच्या तीन बाजू. अर्धा ते एक मिनिट पुरते. मूल हातपाय हलवते का, नजर लावते का, आईने थोपटल्यावर शांत होते का, रडणे नेहमीसारखे आहे की क्षीण? नाकपुड्या फुलतात का, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का, श्वास सोडताना ते कण्हते का? अंग फिकट, निळसर किंवा चट्टेरी दिसते का? गजबजलेल्या विभागात आरडाओरडा करणारे मूल सर्वांचे लक्ष वेधते आणि खांद्यावर मलूल पडलेले मूल कुणाच्या अध्यातमध्यात नसते. आधी बघायचे ते हे दुसरे. दम लागलेल्या मुलाचा श्वास मंदावला, घरघर थांबली आणि तरी ते तरतरीत झाले नाही, तर ते आराम पडल्याचे नव्हे, थकून हरल्याचे लक्षण असू शकते.

त्यानंतर हाताने तपासणी. क्रम ठरलेला आहे: श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, जाणीव आणि शेवटी अंग उघडे करून पाहणे. एका पायरीवर बिघाड सापडला की तो सावरल्याशिवाय पुढे जायचे नाही. तान्ह्या बाळाचे डोके मागून फुगीर असल्याने उताणे ठेवले की मान पुढे दुमडते. खांद्यांखाली टॉवेलची घडी सरकवली की वाट मोकळी होते. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते, म्हणून चोंदलेले नाक साफ करणे हादेखील श्वासमार्गाचा उपचारच. घसा सुजून लाळ गळणाऱ्या, पुढे वाकून बसलेल्या मुलाच्या तोंडात मात्र चमचा घालायचा नाही. त्याला आईच्या मांडीवरच राहू द्यावे, कारण रडण्याने अरुंद वाट पुरती बंद होऊ शकते. त्वचा दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांत परतावा. तीनांपेक्षा जास्त लागले, हात थंड आणि नाडी बारीक व जलद असली, तर धक्कावस्था (शॉक, म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचणे) धरून चालतात. जाणीव मंदावलेल्या किंवा आकडी आलेल्या मुलाची रक्तशर्करा लगेच तपासतात. उघडे केलेले अंग लवकर गार पडते, म्हणून पाहून झाले की पांघरूण.

ऑक्सिजन व पुरेसा श्वास देऊनही नाडी मिनिटाला ६० च्या खाली आणि रक्ताभिसरण खराब असेल, तर नाडी लागत असूनही छाती दाबायला सुरुवात करतात. दोन प्रशिक्षित माणसे असल्यास १५ दाबांमागे दोन श्वास, खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश.

शीर सापडत नसेल तर नडगीच्या हाडात सुई घालून द्रव देता येतो. किती द्यावा, यावर मात्र एका चाचणीने विचार करायला लावले. युगांडा, केनिया आणि टांझानिया येथे ताप व बिघडलेले रक्ताभिसरण असलेल्या तीन हजारांहून अधिक मुलांवर झालेली ही चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. जोरात सलाईन किंवा अल्ब्युमिन (रक्तातील एका प्रथिनाचे द्रावण) दिलेल्या गटांत ४८ तासांतील मृत्यू साडेदहा टक्क्यांच्या आसपास होते, न दिलेल्या गटात ७.३ टक्के. जुलाबाने कोरडी पडलेली मुले तीत नव्हती, त्यामुळे त्यांच्या द्रवोपचाराला हा निष्कर्ष लागू होत नाही. इतर मुलांत थोडा द्रव देऊन पुन्हा तपासणे, द्रव जास्त होऊन यकृत वाढले का, श्वास जड झाला का हे पाहणे, असा सावध मार्ग घेतला जातो.

औषधाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून वजन फक्त किलोग्रॅममध्ये नोंदवतात. वजन करणे शक्य नसले तर लांबीवरून अंदाज देणारी, रंगीत पट्ट्यांची ब्रोसेलो फीत मुलाशेजारी पसरतात. दशांश चिन्ह सरकून दहापट मात्रा जाणे ही इथली कुप्रसिद्ध चूक. दुसऱ्या परिचारिकेकडून हिशेब तपासून घेणे हा तिच्यावरचा उतारा.

माहिती विचारताना लसीकरण, ॲलर्जी, खाणेपिणे आणि दिवसभरात लंगोट किती वेळा ओला झाला, एवढे तरी कळावे. तीन महिन्यांखालील बाळाचा ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, नवजाताची हिरवी उलटी, दाबून न फिकटणारे पुरळ आणि गिळलेला बटन सेल यांना रांगेत थांबवत नाहीत. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत तिला आतून भाजू शकतो. रांगतही नसलेल्या बाळाच्या अंगावर वळ किंवा काळेनिळे डाग असतील, तर इजा आणि सांगितलेली हकीकत जुळते का हे शांतपणे पडताळून नोंदवावे लागते. ‘आज हा नेहमीसारखा वाटत नाही’ हे आईचे वाक्यही नोंदीत जाते.

वेदना सांगता न येणाऱ्या मुलासाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि शांत होणे यांना गुण देणारी शून्य ते दहाची मोजणी आहे. सुई टोचताना तान्ह्याला साखरपाण्याचे थेंब दिले जातात. पुनरुज्जीवन चालू असताना आईवडिलांना थांबायचे असेल तर थांबू देतात. तेव्हा एका परिचारिकेला दुसरे कोणतेही काम न देता त्यांच्याजवळ उभे करतात आणि आत काय चालले आहे ते ती त्यांना सांगत राहते.