'अंतिम' अभ्यंग की आजाऱ्याचा? : पार्श्वभूमी

ठाण्यात मासुंदा तलावाकाठच्या वस्तीपासून वाशी-नेरूळच्या सोसायट्यांपर्यंत अनेक कॅथलिक घरांत एक समजूत घट्ट रुजली आहे: तेल घेऊन फादर आले, म्हणजे माणूस हातचा गेला. हे तेल 'अभ्यंग' या संस्काराचं: फादर आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करतात. त्यामुळे देवावर भरवसा ठेवायला आधार हवा असतो, तेव्हाच आजारी माणूस त्या आधाराला मुकतो.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (5:14-15) सांगितलं आहे ते आजाऱ्याबद्दल. त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. मरणाची अट तिथे नाही. 416 सालच्या रोमच्या एका पत्रावरून दिसतं की, बिशपांनी आशीर्वाद दिलेलं तेल साधे श्रद्धावंतही वापरत. मध्ययुगात विधी मृत्युशय्येकडे सरकला. 1551 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने, म्हणजे बिशपांच्या सभेने, तो आजाऱ्यांसाठी, विशेषतः शेवटाला आलेल्यांसाठी, असं म्हटलं. लोकांनी 'विशेषतः'च्या पुढचं तेवढं लक्षात ठेवलं.

खरा गुंता नावाचा. 'अभ्यंग' म्हटलं की मराठी माणसाला दिवाळीची पहाट, उटणं आठवतं. त्याला 'अंतिम' जोडलं की तोच शब्द अंगावर काटा आणतो. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेच्या 4 डिसेंबर 1963 च्या निर्णयात 'आजाऱ्यांचा अभ्यंग' हे नाव अधिक योग्य ठरवलं, पण जुनं नाव बाद केलं नाही. ही सौम्यता महागात पडली. 'अंतिम' तोंडात राहिलं आणि भीतीही राहिली. आजारामुळे किंवा वार्धक्यामुळे जीव धोक्यात येऊ लागला, की तीच या संस्काराची वेळ, असं त्याच निर्णयात आहे. ते घरोघरी फारसं पोचलंच नाही.

1972 च्या सुधारित विधीत डोळे, कान, नाक, ओठ, हात-पाय यांऐवजी कपाळ आणि दोन्ही हात आले. ऑलिव्हचं तेल नसेल तर दुसरं वनस्पती तेल चालतं. गंभीर आजारामुळे होणाऱ्या शस्त्रक्रियेआधी हा संस्कार घेता येतो. बरं होऊन पुन्हा गंभीर आजारी पडलं किंवा त्याच दुखण्यात प्रकृती आणखी ढासळली, तर पुन्हाही. देवावरच्या भरवशाने आजाऱ्याला बळ मिळावं, मरणाची धास्ती कमी व्हावी, हा हेतू विधीच्या प्रस्तावनेतच लिहिला आहे.

घरी तयारी थोडीच: लहान टेबल, पांढरं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या, थोडं पाणी, कापूस. ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती पेटवायची नाही. तेल बोटावर येण्यापुरतं पुरतं. अतिदक्षता विभागात हात सुयांनी-पट्ट्यांनी झाकलेले असतात. तिथे फक्त कपाळाला लावलं तरी चालतं. गंभीर कारण असेल तर बोटाऐवजी साधन वापरायची मुभा आहे. 2020 च्या साथीत कापसाची काडी आणि हातमोजे कामी आले.

चूक होते ती उशिराने. व्हेंटिलेटरची नळी घातल्यावर फादरना फोन जातो. बेशुद्ध माणसालाही तेल लावता येतं, पण पापांची कबुली त्याला देता येत नाही, कम्युनियन (ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी भाकर) गिळता येत नाही. एरवी क्रम असा: आधी कबुली, मग तेल, मग कम्युनियन. मरणाच्या वाटेवरचं हे कम्युनियन म्हणजे प्रवासाची शिदोरी. चर्चच्या हिशेबात शेवटचा संस्कार तोच. तेलाची पाळी त्याच्या कितीतरी आधी, माणूस अंथरुणात उठून बसून 'आमेन' म्हणू शकतो तेव्हाची.